दहावीनंतर आपली पोरं कोणाच्या हजेरीत असतात?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

तुमच्या घरात, शेजारी किंवा जुन्या वर्गात 2005 च्या आसपास जन्मलेलं एखादं पोरगं असेल, तर त्याच्या परीक्षांचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

2019-20 मध्ये ते नववीत होतं. एप्रिल 2020 मध्ये नववी-अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. पुढच्या वर्षी दहावी, तर एप्रिल 2021 मध्ये बोर्डाचीच परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालावरून 50 गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे 20, अशी बेरीज करून आपणच गुण भरले. 16 जुलै 2021 ला निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. मग अकरावीच्या प्रवेशासाठी 21 ऑगस्टला सीईटी ठरली. ती उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला रद्द केली. म्हणजे या पोरांच्या आयुष्यातली बाहेरची म्हणावी अशी पहिली परीक्षा होती थेट बारावीची, फेब्रुवारी-मार्च 2023 ची. त्या वर्षीचा राज्याचा निकाल 91.25 टक्के. आणि जी पोरं बारावीपर्यंत पोचलीच नाहीत, ती या आकड्यात धरलेलीच नाहीत.

आज या पोरांनी विशी ओलांडली आहे. कोणी पदवीच्या शेवटी आहे, कोणी भरतीच्या मैदानावर पळतंय, कोणी पुण्याला कंपनीत लागलंय, कोणाच्या कडेवर लेकरू आहे. आणि बरीचशी गावातच आहेत, चौकात, वावरात, मोबाईलमध्ये. आज मला तुमच्याशी यांच्याबद्दल बोलायचं आहे. कोरोनाने शाळकरी मुलांचं काय नुकसान केलं यावर आपण पुष्कळ बोललो, लिहिलं, प्रशिक्षणं घेतली. पण जी मुलं त्याच काळात आपल्या दारातून बाहेर पडली, त्यांचं पुढे काय झालं हे विचारायचं कोणी?

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माहेर अकोल्याचं, नोकरी अमरावती जिल्ह्यात. त्यामुळे दोन्हीकडची पोरं भेटत राहतात. मूर्तिजापूरच्या स्टँडवर, लग्नात, बाजारात. भेटली की पाया पडतात आणि हमखास एक वाक्य बोलतात, "मॅडम, आमी कोरोनावाले." हसत बोलतात. पण दोन मिनिटं जास्त थांबलं की त्या हसण्याच्या खालचं दिसतं. दुकानात कामाला गेलेल्या एकाला मालक म्हणाला होता, "तू त् ढकलपास बॅचचा, तुले हिशेब काय येईन?" एका मुलीला मुलाखतीत विचारलं, "हे मार्क खरे का?" पोरांनी परीक्षा रद्द करा म्हणून अर्ज केला नव्हता. तो निर्णय मोठ्यांनी घेतला, त्या वेळच्या परिस्थितीत तो घ्यावा लागला. शिक्का मात्र पोरांच्या कपाळावर बसला.

आपल्याकडे नेमकं काय घडलं

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दुसरी लाट राज्यात सगळ्यात आधी आपल्याकडे आली. 22 फेब्रुवारी 2021 पासून अमरावती शहर आणि अचलपूर बंद झालं. अकोला, मूर्तिजापूर आणि अकोटलाही त्याच सुमारास टाळं लागलं. बाकी महाराष्ट्र तेव्हा सुरू होता. नोव्हेंबरपासून कुठे नववी-दहावीचे वर्ग भरू लागले होते, तेही पुन्हा थांबले.

4 ऑक्टोबर 2021 ला शाळा-कॉलेजं उघडली, तेव्हा आपल्याला वाटलं, संपलं एकदाचं. पण नोव्हेंबरमध्ये एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. शहरातल्या माणसाला याचा अर्थ कळत नाही. दर्यापूर, तेल्हारा, बार्शीटाकळीकडच्या खेड्यातल्या अकरावीच्या मुलीला मात्र तो पक्का कळला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण बसच नाही तर पास घेऊन करायचं काय? काळीपिवळीला रोजचे पैसे लागतात आणि त्यात कोंबून बसायला घरचे तयार नसतात. माझी एक विद्यार्थिनी, दहावीला मराठीत वर्गात पहिली. मी तिच्या घरी गेले, तर ती म्हणाली, "यष्टीच नाई तं जाऊ कशी, मॅडम?" पाच-सहा महिने ती घरी बसली. घरी बसलेल्या मुलीला स्थळं येतात. अठरा पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच तिचं लग्न झालं. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे नुसत्या अनुपस्थितीच्या खुणा राहिल्या, कारण कोणी लिहिलं नाही.

दुसरा एक मुलगा. एप्रिल 2021 मध्ये त्याचे वडील कोरोनाने गेले. चार एकर कोरडवाहू, घरी आई आणि लहान बहीण. त्या वेळी सरकारने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं, आणि एक पालक गेलेल्यांसाठी बालसंगोपन योजनेचं अनुदान होतं, तेव्हा महिन्याला 1,100 रुपये. आम्ही दोघीतिघी शिक्षिकांनी कागदं गोळा केली. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बोनाफाईड. अनुदान सुरू झालं. 2023 मध्ये ही रक्कम वाढून 2,250 झाली. आणि त्याच वर्षी पोरगं अठराचं झालं. योजना अठराला थांबते. बारावीत तो भौतिकशास्त्रात नापास झाला. म्हणजे ज्या उन्हाळ्यात त्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच उन्हाळ्यात तो सगळ्या याद्यांमधून बाहेर पडला. शाळेच्या यादीतून, कॉलेजच्या यादीतून आणि सरकारच्याही. "बाप गेला मॅडम, आता वावर कोन पाहीन?" असं म्हणून तो मोकळा झाला. अठरा वर्षांच्या पोराच्या तोंडी हे वाक्य ऐकायला फार जड जातं.

अठराव्या वर्षी काय बदलतं?

आता थोडे आकडे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे आठवीपर्यंत मूल शाळेत नसेल तर कोणाला तरी जाब विचारता येतो. पुढे नाही. 'असर'च्या 2023 च्या अहवालात देशातल्या 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयोगटाची पाहणी झाली. चौदा वर्षांच्या मुलांमध्ये कुठेच नाव दाखल नसलेली होती 3.9 टक्के. अठरा वर्षांच्यांमध्ये तीच संख्या 32.6 टक्के. चार वर्षांत शंभरातली चार मुलं तेहेतीसच्या जवळ जातात. त्याच पाहणीत जवळपास चारातल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं 43.3 टक्के मुलांनाच जमलं.

आपल्याकडे कोरोनानंतर काही केलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 1 जुलै 2021 पासून 45 दिवसांचा सेतू अभ्यास झाला. तुम्हीही राबवला असेल. पण तो दुसरी ते दहावीसाठी होता. त्याच महिन्यात दहावीचा निकाल लागून जी पोरं अकरावीच्या रांगेत उभी होती, त्यांच्यासाठी सेतू नव्हता. नदीचं पात्र सगळ्यात रुंद तिथेच होतं, आणि पूल त्याच्या अलीकडेच संपला.

पैशाचंही तसंच. तरुणांवर आपण खर्च करतो की त्यांच्याकडून घेतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो. 2023 ची तलाठी भरती आठवा. जागा 4,644, अर्ज दहा लाखांच्या वर, आणि खुल्या प्रवर्गाचं शुल्क 1,000 रुपये, राखीवचं 900. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घरातून हा हजार रुपया गेला. शिवाय क्लासची फी, शहरातली खोली, मेस. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 विद्यावेतन. चांगली गोष्ट आहे, माझ्या ओळखीच्या काही मुलींना तिचा उपयोग झाला. पण ती ठरावीक महिन्यांची. ती संपल्यावर पोरगी परत त्याच ओट्यावर.

जून 2022 मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गाची जगभर बातमी झाली. लोणी ते मानादरम्यान 75 किलोमीटरची डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत अंथरली आणि गिनेस बुकात नाव गेलं. त्या रस्त्याने मी जाते, बरं वाटतं. पैसा, माणसं, यंत्रं आणि रोजची देखरेख एका जागी आली की आपल्याकडेही कामं होतात, हे त्यातून दिसलं. पोरांचं काम पाच दिवसांत होणार नाही, त्याला पाच वर्षं लागतील. पण देखरेख तशीच रोजची लागेल.

हे आपल्याकडे पूर्वी झालेलं आहे

महासाथीनंतर तरुणांना उभं करायचं म्हणजे काहीतरी परदेशी कल्पना आहे, असं कोणाला वाटू शकतं. तसं नाही. 1918 च्या तापाच्या साथीला आपल्याकडची जुनी माणसं 'मानमोडी' म्हणत. मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, घरात पाणी द्यायला उभा माणूस राहिला नव्हता.

त्या पिढीतल्या अनाथ, अर्ध्यावर शाळा सुटलेल्या पोरांसाठी सरकारी योजना नव्हती. पण गावातल्या आणि शहरातल्या माणसांनी ज्या संस्था उभ्या केल्या, त्या बघा. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली होती. आखाडा, मैदान, संध्याकाळी ठरलेल्या वेळी हजर राहणारे वस्ताद. 1936 मध्ये याच मंडळाचं पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले आणि 1920 च्या दशकात त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. खेड्यातली, वेगवेगळ्या जातींची पोरं तिथे एका छताखाली राहून शिकली. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिची शाळा-कॉलेजं आज आपल्या पाचही जिल्ह्यांत आहेत. तुमच्यामाझ्यापैकी कितीतरी जण तिथेच शिकले असतील.

या सगळ्यांत मला दोन गोष्टी सारख्या दिसतात. एक, पोराला जाऊन बसायला, राहायला, घाम गाळायला हक्काची जागा. आणि दुसरी, तिथे त्याला नावाने ओळखणारं एक मोठं माणूस. तो आज आला नाही तर "काहून आला नाई?" असं विचारणारं. आखाड्यात वस्ताद, छात्रालयात अधीक्षक, वाचनालयात ग्रंथपाल. युवा सेवा, युवा धोरण असे मोठे शब्द आपण ऐकतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा सगळा अर्थ या दोन गोष्टींत येतो.

कुलूप उघडणारा मामा

आता एक चालू गोष्ट सांगते. गावाचं नाव देत नाही, तुमच्या शेजारचंच समजा. तिथल्या समाजमंदिराचा हॉल लग्न-तेरवी सोडली तर बंदच असायचा. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर गावात राहायला आले. त्यांनी सरपंचांना म्हटलं, "भाऊ, चाबी माह्याकडे द्या, पोट्ट्यायले बसू द्या." एवढ्यावरून सुरू झालं. दोन ट्यूब, एक पंखा, शाळेतून निकामी केलेली बाकं, आणि ज्यांची भरती झाली त्यांनी मागे ठेवलेली पुस्तकं. विजेचं बिल ग्रामपंचायत भरते. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा. मुलींसाठी सकाळची वेळ आणि एक वेगळी रांग, कारण त्याशिवाय घरचे पाठवत नाहीत. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामा शिकवत नाहीत. त्यांना गणित येत नाही, इंग्रजी तर नाहीच. त्यांचं एकच काम, वहीत नावं लिहिणं. तिकिटाचा हिशेब ठेवायची सवय असलेला माणूस, वही चोख असते. लागोपाठ तीन दिवस कोणी आलं नाही की ते त्याच्या घरी जातात. रागवायला नाही, नुसतं ओट्यावर बसून चहा प्यायला. मी वर सांगितलं तो वडील गेलेला मुलगा याच गावचा. चौथ्या दिवशी मामा त्याच्या वावरात जाऊन बसले. काय बोलले मला माहीत नाही. पण पोरगं ऑक्टोबरमध्ये पुरवणी परीक्षेची चौकशी करायला माझ्याकडे आलं. सुटायला त्याला दोन प्रयत्न लागले. मग त्याने आयटीआयला वीजतंत्रीला नाव घातलं. आता शिकाऊ उमेदवार आहे, वावर आई आणि चुलते पाहतात. फार मोठी यशोगाथा नाही ही. पेपरात येणार नाही. पण एक पोरगं यादीत परत आलं.

आणि सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच हॉलमध्ये येणारा एक मुलगा पोलीस भरतीत धावण्यात चांगले गुण घेऊन लेखीत दोनदा मागे पडला, आणि आता ऑनलाईन पैसे लावायच्या खेळात अडकला आहे. मामा त्याच्याही ओट्यावर जाऊन आले. तो घरातून बाहेर आला नाही. मामा म्हणतात, "उद्या जातो पुन्हा."

आपण काय करू शकतो

उपदेश करायची माझी योग्यता नाही. पण जे करून पाहिलं आणि जे जमण्यासारखं आहे, ते मांडते.

1. दहावीनंतरची वही. माध्यमिक शिक्षकांनो, निकालाच्या दिवशी वर्गाच्या यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. पोराचा आणि आईचा असे दोन नंबर. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि जूनमध्ये, फोन करायचा. "कुठे आहेस, काय करतोस?" एवढंच. चाळीस पोरांना दोन-तीन संध्याकाळी लागतात. शाळेची पट टिकवायची जबाबदारी कागदावर दहावीला संपते, ओळख संपत नाही.

2. योजनांची नावं पाठ असू द्या. शहरात शिकायला जाणाऱ्या पोराला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर घरी परतायची गरज नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मेळघाटातल्या कोरकू मुलांसारख्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. "पोरीच्या शिक्षणाले पैसा कुठून आनू?" असं म्हणणाऱ्या बापाला हे कोणीतरी निकालाच्या आधी सांगायला हवं. निकालानंतर मुदती संपलेल्या असतात.

3. ग्रामसभेत विचारा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. वित्त आयोगाच्या निधीतही गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा हिस्सा असतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पालकांनी उभं राहून एकच मागणी करावी, अभ्यासिकेची. खोली, वीज, कुलूप आणि ते उघडणाऱ्या माणसाला थोडं मानधन. सिमेंटच्या नव्या कमानीपेक्षा हे स्वस्त पडतं. सार्वजनिक वाचनालय असेल तर तेच संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवायला सांगा. त्या वाचनालयाला शासनाचं अनुदान मिळत असेल, तर तो पैसा आपलाच आहे.

4. मैदान मोकळं ठेवा. पहाटे अकोल्याच्या वसंत देसाई स्टेडियमवर किंवा अमरावतीच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा, भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतील. खेड्यात ती डांबरी रस्त्यावर पळतात, ट्रकच्या उजेडात. शाळेचं मैदान पहाटे दोन तास त्यांच्यासाठी उघडायला फाटकाची चावी तेवढी लागते.

5. मनाचं दुखणं ओळखा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पश्चिम विदर्भातल्या घरांनी फार दुःख पाहिलं आहे, मी वेगळं सांगायला नको. पोरगं झोपतच नाही किंवा झोपूनच राहतं, जेवण टाळतं, मित्र तोडतं, "माह्यानं काई होत नाई" असं सारखं म्हणतं, तेव्हा त्याला आळशी म्हणू नका. "शेजाऱ्याचा पोरगा लागला पाय" असं तर मुळीच म्हणू नका. शेजारी बसा. बोलेल तेवढं ऐका. जीव नकोसा झाला असं ते बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 आहे. सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक असतात. हे नंबर वर्गाच्या भिंतीवर आणि अभ्यासिकेच्या दारावर लिहून ठेवा. तोंडाने विचारायची लाज वाटणारं पोरगं भिंतीवरचं वाचतं.

6. 'कोरोना बॅच' हा शब्द बंद करा. स्टाफरूममध्येही. या पोरांनी शाळा बंद असताना घर सांभाळलं, कापूस वेचला, आजीआजोबांचं औषधपाणी केलं, एका मोबाईलवर तिघा भावंडांनी अभ्यास केला. पुढे पूर्ण अभ्यासक्रमाची बारावी दिली. त्यांना जे आलं नाही ते शिकवता येतं. भागाकार विशीतही शिकता येतो, मी शिकताना पाहिला आहे. मामांच्या हॉलमध्ये बी.ए.च्या मुली आमच्या आठवीच्या पुस्तकातून गणित सोडवतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण तिथे हसणारं कोणी नाही.

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी वेगळी सांगते. तुम्ही वावर विकून, दागिना मोडून पोरावर पैसा लावता, मी रोज बघते. क्लासची फी भरली की आपलं काम झालं असं वाटतं. फी भराच, पण रोज अर्धा तास पोराजवळ निकालाचा विषय न काढता बसा. मोबाईल हिसकावून घेऊ नका, त्याच्या हाताला दुसरं काही द्या. संध्याकाळी मैदान, रविवारी वाचनालय, सुटीत एखाद्या कारागिराकडे काम. पोरं मोबाईलमध्ये शिरली ती त्या दोन वर्षांत दुसरं कुठलंच दार उघडं नव्हतं म्हणून. आता दारं उघडी आहेत का, हे बघायचं काम आपलं.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यावर ऑनलाईन माहित्यांचा, अहवालांचा, निवडणुकीच्या कामाचा बोजा आहे, त्यात हे आणखी कुठे, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं. म्हणून मी सगळ्या पोरांचं बघा म्हणत नाही. येत्या आठवड्यात 2021 च्या दहावीची यादी कपाटातून काढा. त्यातली पाच नावं निवडा, ज्यांचं पुढे काय झालं हे तुम्हाला ठाऊक नाही अशीच. आणि फोन लावा. नंबर बदललेला असेल तर गावातल्या एखाद्या लहान भावंडाला विचारा, ते तुमच्याच वर्गात बसलेलं असेल. पलीकडून पोरगं दचकून म्हणेल, "मॅडम, तुमी? मले वाटलं तुमी विसरल्या असान."

तेव्हा फक्त एवढंच विचारा, "जेवलास का रे? सध्या काय करतोस?" आणि मग तो जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा.